एलरच्या डोक्यावरचा क्रूस

देवापुढे गुडघे टेकायचे म्हटले की आमच्या ल्युबेकच्या शेठलोकांना नम्रतेचा नुसता उमाळा येतो. अट एकच, ती नम्रता चर्चच्या दारातून दिसली पाहिजे. मिठाचे आणि माशांचे व्यापारी मार्क्वार्टशेठ आमच्या चित्रशाळेत आले, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्यच असं होतं, "टालेकेबाई, मी फार पापी माणूस आहे. मला जरा मोठा काढा."

काढला मोठा. माझं काय जातंय? माझा नवरा हेनिंग गेल्यापासून ही चित्रशाळा मीच चालवते. चितारी संघाच्या पंचांनी मोठ्या मनाने तशी परवानगी दिली आहे, फक्त एकही तक्रार येता कामा नये. हेनिंग होता तेव्हाही निम्मे संत मीच रंगवायचे, पण तेव्हा ते त्याच्या नावावर खपत म्हणून गावाला आवडायचे. आता तेच संत माझ्या नावावर आहेत, तर पंच दर महिन्याला येतात आणि संतांच्या हाताची बोटं बरोबर आहेत का ते बघून जातात. पुरुषांना कामं कमी असली की असं होतं.

शेठना बंदरावरच्या आमच्या चर्चसाठी वेदीचं चित्र हवं होतं. मधल्या मोठ्या फळीवर बाळ येशूला घेऊन मरियामाता, आणि दोन्ही बाजूंना कपाटासारखी उघडमिट करणारी दारं. डाव्या दारावर शेठ आणि त्यांच्यामागे मुलगे, उजव्या दारावर शेठाणी आणि त्यांच्यामागे मुली. सगळ्यांनी गुडघे टेकलेले, हात जोडलेले.

"हनुवटी एकच दाखवा," शेठ म्हणाले. "नाकावरचा मस नको. कोटाच्या फरचा काठ नीट दिसू द्या. माझ्यामागे संत निकोलस उभे करा, खांद्यावर हात ठेवून, जुनी ओळख असल्यासारखे. आणि मरियामाता जरा पलीकडे सरकवता येईल का हो? माझ्या बाजूला दाटी होतेय."

"विचारते तिला," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. वेदीच्या चित्रासाठी आलेला माणूस सहसा हसत नाही. मग जाता जाता, हातमोजे चढवता चढवता, त्यांनी सांगितलं, "आणि एलरच्या डोक्यावर क्रूस काढा."

आमच्याकडे घरातलं गेलेलं माणूसही चित्रात बाकीच्यांबरोबरच गुडघे टेकतं, फक्त त्याच्या डोक्यावर बारीकसा लाल क्रूस असतो. तो बघितला की येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायची, म्हणजे मेल्यावर पापं जाळणाऱ्या शुद्धिस्थानातल्या आगीतून तो लवकर सुटतो. शेठची दोन बाळं पाळण्यातच गेली होती, त्यांच्यावर क्रूस येणारच होते. पण एलर? त्यांचा थोरला एलर तर आदल्या वर्षी नॉर्वेतल्या बर्गनला सुके मासे भरायला गेला होता. जहाज परत आलं नव्हतं, इतकंच. ते बुडालं असं सांगणारा कोणी भेटला नव्हता.

"बातमी आली का काही, शेठ?"

"जहाज बुडालं की बातमी पण बुडते. जावई किती थांबणार? वखारीवर त्याचं नाव लावायचंय. एलर जिवंत मोजला तर लावता येत नाही."

"आणि परत आला तर?"

"आला तर आला. तुम्ही क्रूस काढा."

एलर मला चांगला आठवत होता. एकदा बापाचा निरोप घेऊन आला होता, तेव्हा माझ्या एका चित्रातल्या बाळ येशूकडे बघून म्हणाला होता, "टालेकेमावशी, हे बाळ आमच्या वखारीतल्या मुनीमजींसारखं का दिसतं?" मी त्याला फडक्याने मारलं होतं. पण खरं सांगते, दिसत होतं.

दोन दिवसांनी मागच्या दाराने शेठाणी आली. गेसेके आणि मी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, ती शेठाणी झाली आणि मी चिताऱ्याची बायको, तरी मागचं दार आमचं दोघींचंच होतं. येताना धुरावलेला वाम मासा आणला होता, म्हणजे काम अवघड होतं.

"तू क्रूस काढणार आहेस म्हणे."

"मी कुठे काढतेय? काढतोय तुझा नवरा. हात फक्त माझा."

"काढू नकोस, टालेके. काढलास तर तो खरंच जाईल."

"अगं, रंगाने कोणी मरतं का? मरत असतं तर मी सगळ्यात आधी संघाचे पंच नसते का रंगवले?"

एरवी ती हसली असती. आता खाली स्टुलावर बसली आणि रडायला लागली, नाक पुसायचंही भान नाही. माझं डोकं तापलं. कोणाचा राग आला म्हणाल तर सगळ्यांचाच. शेठचा, जावयाचा, त्या बुडालेल्या नाहीतर न बुडालेल्या जहाजाचा.

"हे बघ," मी म्हणाले, "सगळं चित्र तेलात होणार, वरून वार्निश. एलरचा क्रूस मी वार्निशच्या वर काढते, डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या रंगाने. आधी लसणाची पाकळी चोळली की धरतो तो रंग. दिसायला अगदी तसाच. पोरगा आला की ओलं फडकं फिरवायचं, की गेला क्रूस."

तिने वर बघितलं. "आणि नाही आला तर?"

"तर तू सांगशील त्या दिवशी तेलात काढेन. मग अख्ख्या गावाने फडकी फिरवली तरी जाणार नाही."

"शब्द?"

"शब्द दिला. आता नाक पूस आणि घरी जा, तुझा नवरा हनुवटी मोजत बसला असेल."

शरद ऋतूत चित्र वेदीवर चढलं. शेठ बराच वेळ स्वतःकडे बघत उभे राहिले. जावई टिडेके बराच वेळ एलरच्या डोक्याकडे बघत उभा राहिला. मरियामातेकडे कोणीतरी बघावं म्हणून मी बघितलं.

मग डिसेंबरात संत निकोलसचा सण आला. निकोलस म्हणजे आमच्या खलाशांचा संत, त्यामुळे त्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. चर्चचा घंटावाला ब्रून वर्षभर काही पुसत नाही, पण या सणाला त्याला स्वच्छतेचा झटका येतो. आदल्या दिवशी त्याने बादलीत फडकं बुडवून वेदी पुसली, खांब पुसले, आणि हात चालूच होता म्हणून चित्राची दारंही पुसून काढली. आतून सुद्धा. मेल्याला कोणी सांगितलं होतं?

सकाळी मिस्सेच्या प्रार्थनेला दारं उघडली. पहिली किंकाळी ब्रूनचीच. "क्रूस गेला! एलरच्या डोक्यावरचा क्रूस गेला!" असं ओरडत तो वेदीपुढे पालथा पडला. ते फडकं अजून त्याच्या कमरेला खोचलेलं होतं.

चर्चमध्ये जो गलका झाला तो विचारू नका. फादर डेटलेफ शिकलेले गृहस्थ, एकदम चमत्कारावर उडी मारणारे नव्हेत. ते आधी माझ्याकडे वळले. "टालेकेबाई, तेलातला रंग असा आपोआप जातो का?"

मी बायकांच्या बाजूला बघितलं. गेसेकेने बारीकशी मान हलवली, नको म्हणून.

"नाही, फादर," मी म्हणाले. "तेलातला रंग जात नाही." यात एक अक्षर खोटं असेल तर दाखवा.

झालं. फादरनी दोन्ही हात वर केले. संत निकोलसांनी स्वतः खूण दिली होती, एलर जिवंत होता. घंटा वाजायला लागल्या. टिडेकेचा चेहरा बर्गनच्या सुक्या माशासारखा झाला. आणि मार्क्वार्टशेठ? मला वाटलं, आता हे चिडणार, मला रंगाची भेसळ केली म्हणून पंचांपुढे उभं करणार. ते तोंड उघडं टाकून चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जिवंत आहे? माझा एलर?" जणू तो त्यांचा मुलगा आहे ही बातमीही त्यांना त्याच दिवशी कळली होती.

त्या दिवसापासून माणूस बदलला. वखारीवरची टिडेकेची पाटी उतरली, टिडेके परत मिठाची पोती उचलायला गेला. जेवणाच्या टेबलावर एलरची जागा मांडायला लागले. भाकरी, बिअरचा पेला, सुरी. रोज.

"सांगून टाकू या," मी गेसेकेला म्हणाले. "फडक्याचा चमत्कार आहे हा. तुला माहीत आहे, मला माहीत आहे."

"थांब थोडं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत हा माझ्याशी मिठाच्या भावाशिवाय काही बोलला नाही गं. आता रोज एलरचं लहानपण काढून बसतो. मला वाटायचं, याला त्यातलं काहीच आठवत नाही."

थांबले.

गाव मात्र थांबेना. खरं तर सणवार सोडून दारं बंद ठेवायची, पण फादरनी ती रोज उघडायला सुरुवात केली, खाली एक मजबूत पेटी ठेवली, आणि ब्रून आल्यागेल्याला साक्ष द्यायला लागला. ऐकणाऱ्यागणिक त्याचा चमत्कार वाढत गेला. आधी क्रूस गेला, मग उजेड पडला, मग संत निकोलसांनी त्याला नावाने हाक मारली. माझ्या दारात खलाशांच्या बायकांची रीघ लागली. "माझ्या नवऱ्याचं चित्र काढा, डोक्यावर क्रूस काढा, म्हणजे तो क्रूस पण जाईल आणि हा घरी येईल." मी समजावून थकले. एक जण मात्र वेगळीच निघाली. "माझा नवरा घरीच असतो," ती हळूच म्हणाली. "त्याच्या डोक्यावर काढला तर काही होईल का?"

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तशी रीतीप्रमाणे दारं मिटली. समुद्रावरचा बर्फ गेला, उत्तरेकडून पहिलं जहाज आलं, आणि त्यातून वेसेल नावाचा एक खलाशी उतरून थेट शेठच्या घरी गेला. हातात अंबरची जपमाळ होती.

ती माळ गेसेकेने स्वतः ओवली होती. त्यात एक मणी हरवला होता म्हणून तिने त्याजागी चेरीची बी घातली होती, आणि एलर त्यावरून तिला चिडवायचा. बी तिथेच होती. वेसेल म्हणाला, बर्गनमध्ये त्याला आणि एलरला एकदमच ताप आला. एलर गेला, तिथल्या लाकडी चर्चमागे त्याला पुरलं, खड्ड्यात उतरवताना तसल्या तापातही पाय वेसेलनेच धरले होते. जहाज दोघांना सोडून पुढे निघालं आणि बुडालं. वेसेल तापाने मागे राहिला म्हणूनच वाचला, पण अंगात त्राण यायला आणि परतीचं जहाज मिळायला इतका काळ गेला.

गेसेकेने ती बी बोटांत धरली आणि तिला पटलं.

शेठनी त्या माणसाला जिन्यावरून ढकलून दिलं. "माळ काय, मेलेल्याची सोड, झोपलेल्याचीही कोणी चोरतं! संत निकोलस खरे की हा दाढीवाला?" मग खाली बसून त्यांनी एलरच्या पेल्यात ताजी बिअर ओतली.

गेसेके फादरकडे गेली. मुलाच्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणा, इतकंच मागणं. फादर डेटलेफनी तिला प्रेमाने समजावलं की जिवंत माणसासाठी मेलेल्यांची मिस्सा म्हणणं हे घोर पाप आहे, आणि संतांनी दिलेल्या ग्वाहीवर आईनेच शंका घेणं हे त्याहून मोठं. शिवाय पुढच्या महिन्यात बिशपसाहेब चमत्कार बघायला येणार होते.

ती माझ्याकडे आली तेव्हा हातात वाम नव्हता. रडतही नव्हती.

"तेलात काढ," ती म्हणाली.

"गेसेके…"

"माझं पोर आगीत आहे, टालेके. दोन हिवाळे तिथे जळतंय, आणि त्याच्यासाठी एक शब्द म्हणायला कोणी तयार नाही. लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावतात आणि हसत घरी जातात. तू शब्द दिला होतास."

"सांगून टाकते मी सगळं. फडकं, डिंक, लसूण, सगळं."

"कोण ऐकणार? ब्रून शपथेवर सांगेल की फडकं कोरडं होतं. फादर म्हणतील, ही बाई संतांना खोटं पाडते. तुझं दुकान जाईल आणि क्रूस यायचा नाही तो नाहीच."

बरोबर होतं तिचं. आणि तिथे जायचं तरी कसं? चित्राला हात लावायचा नाही असा फादरचा हुकूम होता, दारांच्या कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला. मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. ही चित्रशाळा गेली असती तर मी कुठे गेले असते? भावाकडे, त्याच्या बायकोच्या हाताखाली कांदे सोलायला.

पण संत निकोलस खरंच अडल्यानडल्याला धावून येतात, फक्त येतात फादरच्या वेशात. त्याच आठवड्यात फादर डेटलेफनी मला बोलावून घेतलं.

"टालेकेबाई, लोकांना नक्की जागा कळत नाही," ते म्हणाले. "क्रूस कुठे होता, ते सारखं विचारतात. तिथे एक छानसा सोन्याचा तारा काढा. ईस्टरला दारं उघडतील, बिशपसाहेब येतील, चमकला पाहिजे. मन लावून काढा."

"अगदी मनापासून काढते, फादर," मी म्हणाले.

त्यांनी स्वतः कुलूप काढलं, चांगली लख्ख दुपार होती, आणि ते जेवायला गेले. रंगाची वाटी धरायला मी गेसेकेला बरोबर नेलं होतं. वाटीत लाल होता, जवसाच्या तेलात घोटलेला, हेनिंग गेल्यापासून इतका मन लावून मी कधी रंग घोटला नव्हता.

मी शिडीवर चढले. चित्रातला एलर बापाच्या फरच्या मागे निम्मा झाकलेला, हात जोडून बसला होता. मी ब्रश टेकणार तोच ती म्हणाली, "जरा डावीकडे घे. भोवरा आहे तिथे, त्याच्यावर नको."

मी डावीकडे घेतला. दोन फटकारे, काम केवढंसं. मी खाली उतरले तशी गेसेके वर चढली. तिने बोट जिभेवर ओलं केलं आणि क्रूसाच्या खाली, भोवऱ्याजवळ, चित्रातल्या केसांवरून फिरवलं. "इथले केस कधी बसायचेच नाहीत मेले," ती म्हणाली. मला काहीतरी बोलायचं होतं, नेहमीसारखं काहीतरी. मी नुसती शिडी धरून उभी राहिले आणि रडले.

मग आम्ही दारं मिटली आणि रंग ओला आहे, ईस्टरपर्यंत उघडू नका, असं फादरना बजावलं. ईस्टरपर्यंत रंग सुकायला भरपूर वेळ होता.

ईस्टरला बिशपसाहेब पहिल्या रांगेत, शेठ त्यांच्या शेजारी, अंगावर तोच फरचा कोट. भजन संपलं, ब्रूनने ऐटीत दारं उघडली, आणि त्याचा हात कडीवरच राहिला. सोन्याचा तारा नव्हता. लाल क्रूस होता, होता तिथेच, जरासा डावीकडे. फादर डेटलेफनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडून मरियामातेकडे बघत होते.

शेठ उठले. कोणाला न विचारता वेदीच्या पायऱ्या चढले. त्यांनी अंगठा तोंडात घालून ओला केला आणि क्रूसावर घासला. परत ओला केला, परत घासला. लहान मूल सांडलेलं पुसतं तसे ते घासत राहिले. मग वळले आणि कोणाला तरी सांगावं तसं म्हणाले, "हा जात नाही."

आणि खाली बसले. चित्रातल्यासारखे नाही. चित्रात मी त्यांना कसे छान बसवले होते, पाठ ताठ, हात जुळलेले. इथे ते पायरीवर कोसळले, हनुवट्या लोंबत होत्या, नाक वाहत होतं, आणि ते "एलर, एलर" करत बैलासारखे हंबरत होते. गेसेके बायकांच्या बाजूने उठली, सगळ्यांदेखत पुरुषांच्या बाजूला गेली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. चित्रात ती दोघं दोन दारांवर आहेत, मधे अख्खी मरियामाता.

फादर डेटलेफ हुशार माणूस, हे मी आधीच सांगितलंय. पुरतं रडणं ओसरायच्या आत त्यांनी हात वर केले. चमत्कार! संत निकोलसांनी आधी आईबापांना धीर दिला आणि आता, मन तयार झाल्यावर, सत्य सांगितलं. केवढी ती करुणा! बिशपसाहेबांना हे अतिशय आवडलं. ब्रूनने तिथल्या तिथे उजेड पाहिल्याचं सांगितलं. त्याच दुपारी एलरसाठी पहिली मिस्सा झाली, खुद्द बिशपसाहेबांच्या तोंडून. गेसेकेने ती संपेपर्यंत चेरीची बी मुठीत धरली होती.

ताऱ्याबद्दल मला फादरनी आजवर विचारलेलं नाही. मीही विषय काढलेला नाही.

काही दिवसांनी मार्क्वार्टशेठ चित्रशाळेत आले. फरचा कोट नव्हता. रंगाच्या वाट्यांपाशी येऊन उभे राहिले.

"मीच सांगितलं होतं ना तुम्हाला," ते म्हणाले. "क्रूस काढा म्हणून. तेव्हा."

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"माझी मान वळवून द्याल? चित्रातली. मागे. एलर दिसला पाहिजे."

"शेठ, मग चेहरा दारातून दिसणार नाही. फरचा काठही जाईल."

"जाऊ द्या."

वळवून दिली. आता आमच्या चर्चमध्ये गेलात तर बघा, गावातले झाडून सगळे शेठ आपापल्या चित्रांत मरियामातेकडे तोंड करून बसलेत, हा एकटा तिच्याकडे पाठ करून मागच्या पोराकडे बघतोय. लोक विचारतात, असं कसं? फादर डेटलेफ सांगतात, हा तिसरा चमत्कार. एवढं एक मात्र मी त्यांच्यापाशी कबूल करते.